दारावरचं नवं

दसऱ्याच्या आदल्या दुपारी कल्याण स्टेशनबाहेर, एसटी स्टँडच्या अंगाला, मुरबाड-शहापूरकडच्या बाया गोणपाटं अंथरून बसतात. पुढ्यात झेंडूचा ढीग, आपट्याच्या डहाळ्या आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या भाताच्या लोंब्या. झेंडू मला डोंबिवलीत घराखाली मिळतो. मी लोंब्यांसाठी गाडी पकडून कल्याणला जाते. एक लोंबी उचलायची आणि बुडाकडचा दाणा नखाने दाबायचा. पांढरा चीक आला तर ते भात अजून दुधात आहे, दोन दिवसांत चिमून जाईल. नखाला दाणा टणक लागला तर घ्यायची. बाई माझ्याकडे बघत असते. तिसऱ्या-चौथ्या लोंबीला विचारतेच, "ताई, गाव कुठलं तुमचं?"

गाव रायत्याच्या पुढचं, मुरबाड रस्त्यावरचं. उल्हास नदीवरचा पूल ओलांडला की डाव्या हाताला. तिथे माझी आजी भाताच्या लोंब्यांचं जे करायची त्याला आम्ही 'नवं' म्हणतो. त्याला दुसरं नाव नाही. आंब्याची पाच पानं, भाताच्या पाच लोंब्या, नाचणीचं एक कणीस, बांधावरच्या कुरडूचा गुलाबी-पांढरा तुरा आणि मध्ये झेंडूचं फूल, हे सगळं केळीच्या सोपटाने आवळून बांधायचं. सोपट आधी पाण्यात भिजवून ठेवायचं, म्हणजे गाठ मारताना तुटत नाही आणि वाळल्यावर आपोआप आवळली जाते. अशी दहा-बारा नवी आजी ओटीवर बसून करायची. एक दाराच्या चौकटीला, एक देव्हाऱ्यावर, एक कणगीला, एक उखळाशी, एक नांगराला, एक गोठ्याच्या मेढीला. कुणाकडे ते दसऱ्याला बांधतात, कुणाकडे आश्विन पौर्णिमेला. शहरातली माणसं त्या पौर्णिमेला कोजागिरी म्हणतात. आजीच्या तोंडी ती नव्याची पुनव. पंचांगातही ती नवान्न पौर्णिमा आहेच.

"नवा बांधल्याबिगर नवा भात तोंडात घालायचा नाय," हा तिचा नियम होता. शेतात हळवं भात पिकून पिवळं झालेलं, घरात जुने तांदूळ तळाला गेलेले, तरी नवं बांधून होईपर्यंत ती नव्या दाण्याला हात लावू देत नसे. लहानपणी मला वाटायचं, हे देवासाठी आहे. खूप उशिरा लक्षात आलं की थांबायला शिकवायची ती रीत होती. आमच्या भागातल्या शरदाची सगळी गोडी या थांबण्यात साठलेली आहे.

ज्याने भात कधी शेतात पाहिलं नाही त्याच्यासाठी सांगते. मे महिन्यात राब भाजायचा, म्हणजे पालापाचोळा, शेण आणि काटक्या एका तुकड्यावर पसरून पेटवायच्या. मृगाच्या सुमाराला त्या भाजलेल्या जमिनीत बी पेरायचं, जुलैत रोपं उपटून चिखलात आवणी करायची, मग बेणणी. श्रावण सरेपर्यंत माणसाची कंबर सरळ होत नाही. भाद्रपदात भात पोटरीला येतं, म्हणजे कणीस पानाच्या पोटात फुगतं. मग ते निसवतं, बाहेर पडतं. मग दाण्यात दूध भरतं. सूर्य १३ सप्टेंबरच्या आसपास उत्तरा नक्षत्रात जातो, २७ सप्टेंबरच्या सुमाराला हस्तात, १० ऑक्टोबरच्या पुढेमागे चित्रात. हळवं भात शंभर-एकशेदहा दिवसांचं, ते हस्त-चित्राच्या सांध्यावर कापायला येतं. गरवं त्याच्या मागून चाळीसेक दिवसांनी. मधले पंधरा-वीस दिवस माणसाच्या हातात काही नसतं. जे करायचं ते जमीन, पाणी आणि ऊन करतं. वर्षात शेतकऱ्याला असे दिवस फार थोडे मिळतात, आणि भोंडला, नवरात्र, दसरा, कोजागिरी हे सगळं नेमकं याच फटीत येऊन बसलं आहे. हा योगायोग नव्हे, असं मला अगदी मनापासून वाटतं.

नवरात्राची शाळेला सुट्टी लागली की दादा, म्हणजे माझे वडील, मला एसटीत बसवून द्यायचे. १९६५-६६ ची गोष्ट, मी सात-आठ वर्षांची. सकाळी आजीबरोबर बांधावरून जाताना पोटऱ्यांपर्यंत पाय दवाने भिजायचे. पावसाळ्यात पाय भिजतात ते निराळे आणि हे निराळे. पावसाचं पाणी अंगावर येतं, दव आपण चालत जाऊन अंगावर घेतो. लोंब्यांमध्ये कोळ्यांनी जाळी विणलेली असायची आणि प्रत्येक धाग्यावर थेंबांची ओळ. चतुर इतके असायचे की सात-आठ एकदम डोक्यावर घोंघावत. बांधाच्या कडेला धोबी पक्षी शेपटी खालीवर करत पळायचा. आजी म्हणायची, "परीट आला, आता पाऊस धुऊन वाळत घालंल." परीट उत्तरेतून हिमालय ओलांडून येतो हे मला पुढे पुस्तकात कळलं. आजीला तो कुठून येतो ते ठाऊक नव्हतं, पण कधी येतो ते बरोबर माहीत होतं.

गोठ्याच्या छपरावर तवशाचा वेल चढलेला असायचा. हिरवी काकडी खायची ती श्रावणात. आश्विनापर्यंत राहिलेली तवसं पिवळी, जाड सालीची, हातभर लांब होतात. आजी तवसं किसून त्यात तांदळाचा रवा आणि गूळ घालायची आणि हळदीच्या पानात गुंडाळून उकडायची. पान सोडलं की येणारी ती वाफ. मी आजही हळदीची पानं कुंडीत लावते ती त्या वाफेसाठी.

आणि पोहे. नवं बांधून झालं की दुसऱ्या दिवशी हळव्या भाताचे पोहे कांडायचे. भात रात्रभर कोमट पाण्यात भिजत घालायचं, सकाळी उपसून निथळत ठेवायचं. चुलीवर खापर तापलं की त्यात मूठ-मूठ भात टाकायचं आणि काटक्यांच्या झाडूने हलवत राहायचं. दाणे तडतडू लागले, एखाददुसरा फुटून लाही झाली, की तेवढा घाणा गरमागरम उखळात. मग आजी आणि काकी समोरासमोर उभ्या राहून मुसळं चालवायच्या. एकीचं वर तेव्हा दुसरीचं खाली. गरम असतानाच दाणा चपटा झाला पाहिजे. गार पडला की त्याचा चुरा होतो. त्यामुळे त्या दोघींच्या हाताला कमालीची घाई असायची आणि तरी एकीचं मुसळ दुसरीच्या मुसळाला कधी लागलं नाही. सुपात पाखडून कोंडा उडाला की खाली राहायचे ते जाडसर, किंचित हिरवट झाक असलेले, अजून ऊन असलेले पोहे. त्याला फोडणी नको, कांदा नको. ओलं खोबरं आणि गूळ. त्या वासाला मला शब्द सापडलेला नाही. पहिल्या पावसात माती जशी वास देते तसा हा तांदूळ शेवटच्या उन्हात देतो, एवढंच सांगता येतं.

आमच्या गावावरून जाणारा मुरबाडचा रस्ता फार जुना आहे. तो पुढे वैशाखऱ्यावरून नाणेघाटाच्या पायथ्याशी जातो आणि घाट चढला की जुन्नर. सातवाहनांच्या काळात देशावरचा माल याच वाटेने उतरून कल्याणच्या बंदरात यायचा. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण, ज्यात जकात टाकायचे असं म्हणतात, तो तिथेच आहे, आणि शेजारच्या लेण्यात नागनिका राणीचा शिलालेख. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दी वर्णनात कल्याणचं नाव कल्लिएना म्हणून येतं. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांमध्ये कल्याणचे व्यापारी आहेत. हे सगळं शाळेत शिकवतात. शिकवत नाहीत ते हे, की चार महिने तो घाट जवळजवळ बंद असणार. निसरडा दगड, भरलेल्या नद्या, लादलेला बैल कुठून चढणार? शरद आला की वाट मोकळी व्हायची. म्हणजे कल्याणच्या व्यापाऱ्याचं वर्षही याच दिवसांत उघडायचं. सीमोल्लंघन हा शब्द आपण लढायांशी जोडतो. मला त्यात बैलांच्या गळ्यातल्या घंटाही ऐकू येतात.

लढायांचंही वेळापत्रक तेच. शिवाजी महाराजांनी आदिलशाहीकडून कल्याण आणि भिवंडी घेतलं ते २४ ऑक्टोबर १६५७ ला, आश्विन वद्य द्वादशीला, वसुबारसेच्या दिवशी. खाडीकाठी दुर्गाडी उभा राहिला, तिथे जहाजं बांधायचं काम सुरू झालं, आणि मराठ्यांच्या आरमाराची सुरुवात म्हणून आज आपण त्या जागेकडे बोट दाखवतो. मी लहान असताना नवरात्रात दुर्गाडीच्या देवीला जायचो तेव्हा गडावरून खाली बघितलं की एका बाजूला खाडीचं पाणी आणि दुसऱ्या बाजूला पिवळसर होत चाललेली खाचरं दिसायची. त्या ऑक्टोबरात गडाच्या जागी उभा असलेला मावळाही हेच पाहत असणार: ओहोटीची खाडी आणि कापणीला आलेलं भात. वसुबारसेपर्यंत हळवं कापून झालेलं असतं. घोड्यांना चारा आणि माणसांना दाणा, दोन्ही तयार.

माझे दादा शेती सोडून रेल्वेत लागले. १ मे १८५४ ला ठाण्यापासूनची गाडी कल्याणपर्यंत आली आणि तेव्हापासून आसपासच्या गावांतली दुसरी-तिसरी पोरं रेल्वेकडे वळत गेली. शेत वाटण्या होऊन तुकड्यांवर आलेलं असायचं. दादा कल्याणच्या इलेक्ट्रिक लोकोशेडमध्ये फिटर होते. त्यांच्या काळात शेडमध्ये एक विचित्र जातीचं इंजिन यायचं. मधली खोली उंच, पुढे-मागे दोन लांबलचक नाकं, आणि वळणावर ती नाकं वेगवेगळी वळायची. बाजूने चाकांना जोडणारे दांडे चालताना वरखाली होत. शेडमधली माणसं त्याला खेकडा म्हणत. १९२८ च्या सुमाराला घाटातल्या मालगाड्यांसाठी ही इंजिनं आली. काही स्वित्झर्लंडमध्ये घडलेली, बाकीची इंग्लंडात लँकेशायरमधल्या व्हल्कन फाउंड्रीत. दादांना त्या नावाचं कोण कौतुक. घरी जेवताना सुद्धा ते 'व्हल्कन' असं म्हणायचे जसं कुणी सोयऱ्याचं नाव घ्यावं.

खंडेनवमीला शेडमध्ये हत्यारांची पूजा असे. पाने, हातोडे, कानस, सगळं पुसून, तेल लावून, एका फळीवर मांडलेलं. इंजिनाला हार, नारळ, हळद-कुंकू. एका वर्षी दादांनी मला बरोबर नेलं. आजीने गावाहून पाठवलेलं एक नवं त्यांच्या खिशात होतं, आंब्याची पानं जरा चुरगळलेली. त्यांनी ते खेकड्याच्या दारापाशी, वर चढताना हात धरायची जी पितळी दांडी असते, तिला बांधलं. गाठ मारताना म्हणाले, "नांगराला बांधायचो, तसंच हे." शेडमधल्या कुणालाच त्यात नवल वाटलं नाही. त्यातले बरेच जण मुरबाड, शहापूर, भिवंडीकडचेच होते. लँकेशायरच्या लोखंडावर आमच्या खाचरातल्या पाच लोंब्या हलत होत्या, हे चित्र मी साठ वर्षं जपून ठेवलं आहे.

या ऋतूबद्दल लिहिताना एक गोष्ट वगळून पुढे गेले तर ते खोटं ठरेल. शरदात भाताबरोबर गवतही कापायला येतं, आणि ठाणे जिल्ह्याचं गवत ही एकेकाळी मोठी वस्तू होती. मुंबईच्या घोड्यांना आणि तबेल्यांना ते लागायचं. डहाणू-तलासरीकडच्या माळांवर ते गवत कापायचे वारली. जमीन त्यांच्या हातून गेलेली, मजुरी नावापुरती, आणि डोक्यावर वेठबिगार. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला, म्हणजे आमच्या कल्याणपासून तीन स्टेशनांवर, किसान सभेची परिषद झाली. तिथे वारली प्रतिनिधी आले आणि गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांनी पुढे त्यांच्या पाड्यांवर जाऊन लढा उभा केला. त्या शरदात गवतकापणीच्या वेळी मागणी होती पाचशे पौंड गवतामागे अडीच रुपयांची. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण मेले. नवरात्र चालू होतं. आमच्या घरी घट बसलेला असेल, लोंब्या दुधातून टणक होत असतील, आणि तिकडे गवताच्या भाऱ्यापायी माणसं मरत होती. गोदावरीबाईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये हा सगळा लढा लिहून ठेवला. मी ते पुस्तक कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयातून आणून वाचलं. वाचनालय १८६४ पासूनचं, आणि दिवाळी अंकांसाठी तिथे ऑक्टोबरातच नाव लावावं लागायचं. आजीला मी पुस्तकातलं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आमी कापलाय ना तो गवत. हाताला पात लागते." आणि तळवा उघडून दाखवला. तळव्यावर आडव्या बारीक पांढऱ्या रेघा होत्या. तोवर मी त्या म्हातारपणाच्या सुरकुत्या समजत होते.

१९८१ साली लग्न होऊन मी डोंबिवलीत आले. आमच्या इमारतीच्या मागे नांदिवलीकडे तेव्हा भातखाचरं होती. मागच्या खिडकीतून बेडकांचा आवाज यायचा, आणि सप्टेंबराच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी खिडकी उघडली की तो वास आत यायचा, दुधात आलेल्या भाताचा, थोडा उकडलेल्या मक्यासारखा, थोडा ओल्या गवतासारखा. घड्याळ बघितल्यासारखं मी कॅलेंडर बघायचे. चुकायचं नाही. सासूबाई रत्नागिरीच्या, त्यांच्याकडेही नवं बांधायची पद्धत. फक्त त्यांच्या नव्यात वरीचं कणीस असायचं. पहिल्या वर्षी आम्ही दोघी मागच्या खाचराच्या मालकाकडे लोंब्या मागायला गेलो. त्याने कोयता घेऊन अख्खी पेंढी कापून दिली. पैशाचं नाव काढल्यावर त्याला राग आला.

नवं दारावर, आणि कोजागिरीला सगळी इमारत गच्चीवर. मोठ्या पातेल्यात आठ-दहा लिटर दूध, केशर, जायफळ, चारोळ्या, बदामाचे काप. दूध उतू जाणार नाही एवढं बघत, हळूहळू आटवत, चंद्र डोक्यावर येईपर्यंत थांबायचं. चंद्राचं बिंब दुधात दिसल्याशिवाय पेल्याला हात नाही. इथेही थांबणं आहेच. मुलं दहा वेळा विचारणार, "आता दिसला?" आणि सासूबाई दहा वेळा पातेल्यात डोकावून मान हलवणार. खाली अंधारात खाचरं पसरलेली असायची आणि चांदण्यात ती पाण्यासारखी वाटायची. लक्ष्मी त्या रात्री फिरते आणि कोण जागं आहे ते विचारते म्हणतात. शेताच्या दृष्टीने बघितलं तर त्यात शहाणपण आहे. उभं पीक, डुकरं, चोर, सगळं याच दिवसांत. जागं राहायलाच हवं.

मी चौतीस वर्षं व्हीटीला नोकरी केली. सकाळी आठ-सतरा डोंबिवली, लेडीज डबा. दसऱ्याच्या आदल्या कामाच्या दिवशी डब्याची पूजा ठरलेली. कुणी झेंडूची तोरणं आणायची, कुणी रांगोळीचं स्टिकर, कुणी पेढे. मोटरमनला नारळ. खिडक्यांच्या जाळ्यांत आपटा खोचलेला. पुढे या शतकाच्या सुरुवातीला नवरात्रात रोज एका रंगाची साडी नेसायची चाल आली. एका वर्तमानपत्राने ती सुरू केली असली तरी बायकांनी ती अशी उचलली की एका सकाळी अख्खा प्लॅटफॉर्म जांभळा दिसावा. मला ते फार आवडायचं. पाटावर हत्ती काढून भोंडल्याचा फेर धरायला जागा उरली नाही, तर बायकांनी गर्दीच्या डब्यात उभ्या उभ्या खिरापत ओळखायला लावली. बारा जणींत एकीचा डबा आला आणि तो रिकामा होईपर्यंत घाटकोपर. १९८४ साली मी पहिल्यांदा एक नवं पर्समध्ये घालून नेलं आणि वरच्या पकडायच्या कडीला बांधलं. मैत्रिणींपैकी दोघी आगरी, एक मुरबाडची. त्यांना सांगावं लागलं नाही. नागपूरच्या एकीने विचारलं, हे काय. मुरबाडची म्हणाली, "आमच्याकडे गाडीला पण नवा भात दाखवतात." दादांना मी संध्याकाळी फोन करून हे सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गाठ सोपटानेच मारलीस ना? सुतळीने नाही?"

मागची खाचरं १९९४ च्या सुमाराला गेली. आधी एका बाजूने भराव पडला, मग पाणी अडलं, मग भात कुजलं, मग मालकाने विकलं. ज्याने पेंढी कापून दिली होती त्याच्या मुलाचं आता तिथेच दुकान आहे. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीत जवळपास साडेबारा लाख माणसं मोजली गेली. तेवढ्यांना राहायला जागा हवी हे मला कळतं. मीही त्यांच्यातलीच. पण सप्टेंबराच्या शेवटी खिडकी उघडते तेव्हा नाक अजून तो वास शोधतं.

पाऊसही पूर्वीसारखा वेळेवर जात नाही. हवामान खात्याने २०२० मध्ये मुंबईतून मोसमी पाऊस परतायची सरासरी तारीख पुढे नेऊन ८ ऑक्टोबर केली. खात्यासाठी तो आकडा आहे. माझ्या चुलतभावासाठी त्याचा अर्थ असा, की हळवं कापून वावरात वाळत पसरलं आणि वरून झड आली. आडव्या पडलेल्या लोंबीतला दाणा दोन दिवसांत मोड काढतो. तो म्हणतो, आता हळवं लावायचंच नाही, सगळं गरवं. तसं झालं तर दसऱ्याला लोंबी हिरवीच असेल आणि नवं कशाचं बांधायचं हा प्रश्न येईल.

माझी मुलगी इंग्लंडात असते, रेडिंगजवळ. २०१७ साली सप्टेंबरात मी तिच्याकडे महिनाभर होते. तिथला शरद नुकता सुरू झालेला. नात मला रोज शाळेतून येताना झाडांखाली घेऊन जायची. काटेरी हिरव्या कवचातून चकचकीत तपकिरी फळ निघतं, हॉर्स चेस्टनटचं, त्याला मुलं कॉन्कर म्हणतात. भोक पाडून दोऱ्यात ओवतात आणि एकमेकांच्या फळावर आपटून फोडायचा खेळ खेळतात. माझ्या कोटाच्या दोन्ही खिशांत ती भरलेली असायची. कुंपणांवर काळ्या बेरींची झुडपं, येता-जाता तोडून खायची. शेजारच्या वृद्ध बाईंनी सांगितलं की सेंट मायकलच्या सणानंतर, म्हणजे २९ सप्टेंबरनंतर, या बेरी तोडायच्या नाहीत. सैतान त्यांच्यावर थुंकतो अशी जुनी समजूत. मला आजी आठवली. त्यांचा नियम ठरावीक दिवसानंतर खायचं नाही, आमचा ठरावीक दिवसाआधी खायचं नाही. दोन्हीकडे कुणीतरी म्हातारी बाई पोरांच्या हाताकडे लक्ष ठेवून बसलेली.

मग एका रविवारी गावातल्या चर्चमध्ये हार्वेस्ट फेस्टिव्हल होता. भोपळे, सफरचंदं, पाव, डबाबंद सूप असं काय काय मांडलेलं. आज करतात त्या रूपातला हा सोहळा कॉर्नवॉलमधल्या मॉर्वेनस्टो गावच्या रॉबर्ट हॉकर नावाच्या पाद्र्याने १८४३ च्या ऑक्टोबरात सुरू केला. पण माझी नजर गेली दरवाजाकडे. दाराच्या खिळ्याला गव्हाच्या काड्यांची वेणी घातलेली एक जुडी लटकत होती, खाली ओंब्या मोकळ्या सोडलेल्या, वर लाल फीत. मुलगी म्हणाली, हिला कॉर्न डॉली म्हणतात. शेतातल्या शेवटच्या पेंढीची करतात, हिवाळाभर घरात ठेवतात आणि जानेवारीत पहिल्या तासाबरोबर जमिनीत नांगरून टाकतात. मी हात लावून बघितला. गाठ कशाची होती? काडीचीच. भिजवलेल्या काडीची. सोपटासारखी वाळल्यावर आवळलेली.

यंदा कल्याणहून आणलेल्या लोंब्या चांगल्या निघाल्या. बाईने दोन जास्त दिल्या, कुरडूचा तुरा फुकट. आमची इमारत जुनी, तिसऱ्या मजल्यावर समोर उघडी गॅलरी आहे, त्यामुळे चिमण्या येतात. दाराच्या चौकटीला उलट्या लटकून दाणे टिपतात. त्यांना हाकलायचं नाही, हाही आजीचाच नियम. दिवाळीच्या पहिल्या पहाटे पणती लावायला दार उघडलं तेव्हा पाचांपैकी तीन लोंब्या रिकाम्या झाल्या होत्या, आणि पायपुसण्यावर भाताची टरफलं पडलेली होती. ती झाडली नाहीत. रांगोळी जरा बाजूला सरकवून काढली.